वासुदेव गायतोंडे यांची वस्तुनिरपेक्ष चित्रकला : निसर्ग व परंपरा

कोल्हापुरात निसर्गचित्राची कसोटी आजही बहुधा आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांच्या चित्रांवरून ठरते. कोटितीर्थ परिसराची त्यांची चित्रे पाहिलेला रसिक वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या कॅनव्हाससमोर आला, की प्रथम पाणी, धुके वा क्षितिज शोधू लागतो. ते सापडले म्हणजे चित्र ‘कळले’, असे मानले जाते. वर्गातील अध्यापनही बरेचदा याच समजुतीवर थांबते. गायतोंडे मात्र ‘अमूर्त’ ही संज्ञा नाकारीत. आपली चित्रे वस्तुनिरपेक्ष आहेत, अशी त्यांची भूमिका होती. हा केवळ शब्दभेद नव्हे. अमूर्तीकरणात एखादी मूर्त वस्तू मुळात गृहीत असते. येथे तशी वस्तूच नाही.

मग या चित्रांचा निसर्गाशी संबंध कोणता? तो त्यांच्या घडणीत शोधावा लागतो. रोलर व पॅलेट नाइफ यांच्या साहाय्याने गायतोंडे तैलरंगाचे थर चढवीत, काही भाग खरवडून काढीत, पुन्हा थर देत. तळ्यात गाळ बसावा किंवा दगडावर शेवाळ धरावे, तशी ही क्रिया सावकाश चाले. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण होत. आबालाल यांच्या चित्रात पाण्याला काठ असतो. गायतोंडे काठ काढून घेतात आणि प्रकाश तेवढा ठेवतात.

परंपरेचा विचार करताना समीक्षेने झेन या एका शब्दावर फार भिस्त ठेवली आहे. झेन विचाराचे त्यांना आकर्षण होते, हे खरे. परंतु १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतल्यानंतरच्या काळात त्यांनी बसोली व जैन लघुचित्रांचा अभ्यास केला होता, याकडे त्यामुळे दुर्लक्ष होते. पुढे आकृती गळाली, रेषाही गळाली. तथापि एकाच रंगावर अवघा पृष्ठभाग सोपविण्याचे धैर्य लघुचित्रांतील सपाट, सघन रंगक्षेत्रांतून आले असावे. सत्तरच्या दशकातील चित्रांत लिपीसदृश खुणा दिसतात. त्या वाचता येत नाहीत, तरी जीर्ण पोथीच्या पानाची आठवण देतात. सर्वत्र हे सारखेच साधलेले नाही. काही चित्रांत या खुणा रंगात मुरत नाहीत, वरवर तरंगत राहतात, आणि तेथे चित्र अलंकरणाकडे झुकते.