पेणचा मूर्तिकार कोणत्या यादीत बसतो?

२०२०च्या उन्हाळ्यात रायगड जिल्ह्यातल्या पेणच्या गणपती कारखान्यांवर एकामागून एक जे आदळले, ते नुसते ‘कोरोना’ म्हणून सांगता येत नाही. मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा हंगाम भरात होता. परदेशी जाणाऱ्या मूर्तींची खोकी बांधायची, पेण तालुक्यातल्या हमरापूर-जोह्याच्या कच्च्या मूर्ती गावोगावच्या रंगवणाऱ्यांकडे रवाना करायच्या, असे ते दिवस. सगळे जागच्या जागी थांबले. १२ मे रोजी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सुधारित मार्गदर्शक सूचना आल्या आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर बंदीचे सावट पडले. दहा दिवसांत केंद्राने ती वर्षभर पुढे ढकलली, पण तोवर व्यापाऱ्यांनी हात आखडता घेतला होता. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. पत्रे उडाले, कौले फुटली आणि मूर्तींवर पाणी पडले. ११ जुलैला राज्य सरकारने उंचीची मर्यादा जाहीर केली: सार्वजनिक मूर्ती चार फूट, घरगुती दोन फूट. मोठ्या मूर्ती त्याआधी कितीतरी महिने साच्यातून निघून उभ्या होत्या. चतुर्थी २२ ऑगस्टला होती.

या चार घावांपैकी तीन सरकारी निर्णयांचे होते. ते निर्णय चुकीचे होते असे मी म्हणत नाही. साथीत गर्दी टाळणे भागच होते. पण ज्या निर्णयाने एखाद्याचा वर्षाचा माल निरुपयोगी होतो, त्याची भरपाईही त्याच निर्णयात असायला हवी, एवढे साधे तत्त्व पेणच्या बाबतीत पाळले गेले नाही. ते का पाळले गेले नाही हे पाहायचे, तर कलेला मदत करण्याची आपली सरकारी रचना तपासावी लागते.

ऑगस्ट २०२१मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कलावंतांसाठी एकरकमी कोविड मदत मंजूर केली. ५६ हजार एकल कलावंतांना प्रत्येकी ५ हजार रुपये, म्हणजे २८ कोटी, आणि संस्थांसाठी सुमारे ६ कोटी. तमाशाचे फड, शाहिरी, खडीगंमत, दशावतार, झाडीपट्टी, सर्कस, टुरिंग टॉकीज अशांचा विचार त्यात होता. दीड वर्ष सुपारी न मिळालेल्या माणसाला पाच हजार ही रक्कम फार तर दोन महिन्यांचा किराणा. तरीही सरकारने कलावंत म्हणून त्याची दखल घेतली, हे मी मोलाचे मानतो. अडचण योजनेच्या पहिल्याच शब्दात आहे: ‘प्रयोगात्मक’ कला. रंगमंचावर, फडात, अंगणात सादर होते ती. साच्यातून मूर्ती काढणारा, तिला घासून पॉलिश करणारी, डोळ्यांची आखणी करणारा या शब्दात कुठेच बसत नाही.

मग तो बसतो कुठे? मूर्तिकला ही दृश्यकला, पण कला संचालनालयाची नजर कलाशाळा आणि प्रदर्शनांवर. हस्तकला म्हणावे तर ती केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाकडे. तिथे कारागीर म्हणून ओळखपत्र लागते. कारखाना म्हणावा तर लघुउद्योग, आणि लघुउद्योगाला साथीत जे मिळाले ते प्रामुख्याने कर्ज. वादळाने नुकसान झाले म्हणावे, तर आपत्ती निवारण निधीच्या तेव्हाच्या राष्ट्रीय निकषांत हस्तकला कारागिराला अवजारांसाठी ४,१०० आणि कच्च्या वा तयार मालासाठी ४,१०० रुपये एवढीच तरतूद होती. पेणमध्ये चांगल्या रंगकामाच्या एका मोठ्या मूर्तीची किंमत याहून जास्त असते. विसर्जनाचा प्रश्न आला की हाच माणूस पर्यावरण खात्याच्या कक्षेत जातो. इतक्या दारांवर त्याचे नाव आहे, पण कलावंत म्हणून एकाही दारावर नाही.

याची मुळे जुनी आहेत, आणि योगायोगाने ती याच जिल्ह्यातल्या एका मोठ्या माणसाच्या काळात जातात. रोह्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते चिंतामणराव देशमुख १९५० ते १९५६ या काळात देशाचे अर्थमंत्री होते. संगीत नाटक अकादमी १९५३मध्ये आणि साहित्य व ललित कला अकादमी १९५४मध्ये उभ्या राहिल्या, त्या त्यांच्याच कारकिर्दीत. राज्याची वृद्ध साहित्यिक-कलावंत मानधन योजनाही त्याच दशकातली. नव्या देशाने कलेला राजाश्रयाऐवजी लोकांच्या पैशाचा आश्रय दिला, हे त्या पिढीचे फार मोठे काम. पण तेव्हा आखलेल्या कप्प्यांत, वर्षभर राबून हंगामात विकली जाणारी, पाण्यात विरघळण्यासाठीच घडवलेली कला सामावली नाही. ती ना संग्रहालयात जाते, ना रंगमंचावर.

रोह्याच्या बाजूला गोष्ट वेगळी आहे. रोहा, तळा, माणगावच्या गावांत गौरी-गणपतीत जाखडी होते. पायात घुंगरू बांधून गोल धरणारे, मध्ये बसलेला शाहीर, शक्तीवाले आणि तुरेवाले यांचा सवाल-जबाब. ही कला ‘प्रयोगात्मक’ आहे, तेव्हा शब्दाची अडचण नाही. अडचण २०२१च्या मदतीच्या अटींची होती. पंधरा वर्षे कलाक्षेत्रात असल्याचा पुरावा आणि वार्षिक उत्पन्न ४८ हजारांच्या आत. जाखडीचा गडी वर्षभर शेती करतो, धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळी भरतो किंवा मुंबईत नोकरी करतो. त्याचे उत्पन्न ४८ हजारांच्या वर जात होते, आणि म्हणून सरकारच्या लेखी त्याला मदतीची गरज उरली नाही. पण मृदंग, पोशाख, तालमीची जागा, गाडीभाडे हा खर्च मंडळाचा असतो, तो कुणा एकाच्या उत्पन्नावर चालत नाही. २०२०मध्ये गावी येणाऱ्या चाकरमान्याला दहा दिवस विलगीकरणाची अट होती. अनेकजण आलेच नाहीत, आणि गोल धरायला माणसे नसतील तर नाच कसला! मुंबईतही तीच गत: रंगमंदिरे ५ नोव्हेंबर २०२०ला, रंगभूमीदिनी, निम्म्या आसनांनी उघडली, एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ला परत उघडली. मुंबईत कोकणी लोककलांचे हक्काचे ठिकाण असलेले परळचे दामोदर नाट्यगृह त्यानंतर २०२३मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले. आपल्या लोककलेची दुसरी राजधानी मुंबईत आहे, तिथला प्रत्येक बंद दरवाजा रोह्याच्या वाडीत जाणवतो.

२०२५मध्ये सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला आणि १,८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५ हजार रुपये भांडवली अनुदान जाहीर केले. ही मला २०२१च्या मदतीपेक्षा शहाणपणाची पद्धत वाटते. पैसा माणसाच्या गरिबीचा दाखला मागत नाही, मंडळाच्या साहित्याला जातो. जाखडीच्या मंडळांना हेच सूत्र लावायला काय हरकत आहे?

मदत कुणाला आणि कशी द्यायची, हा पेच साथीच्या काळात जगभर होता. ब्रिटनने जुलै २०२०मध्ये १५७ कोटी पौंडांचा निधी काढला. नाट्यगृहे, संग्रहालये, वाद्यवृंद वाचले, पण सुट्टे काम करणारे कलावंत मोठ्या प्रमाणात बाहेर राहिले अशी टीका तिथे सतत झाली. आयर्लंडने २०२२मध्ये दोन हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो, तीन वर्षे, असा प्रयोग केला. त्यात चित्रकार-शिल्पकारही होते. आपल्याला तेवढी ऐपत नसेल, पण इमारतीला द्यायचे की माणसाला, एकदाच द्यायचे की नियमित, हे प्रश्न आपल्याकडे नीट विचारलेही गेले नाहीत.

आता पेणच्या कलेची प्रकृती. ती साथीतून उठली, हे खरे. २०२२मध्ये निर्बंध गेले आणि मागणी परतली. पण मला दोन गोष्टी खटकतात. पहिली, नक्कल. ‘जय मल्हार’ मालिका चालली तेव्हा तसे गणपती, ‘बाहुबली’ चालला तेव्हा तसे. बाजार मागतो ते द्यावे लागते. पण जुन्या पेणच्या मूर्तीत चेहऱ्याचा जो शांत भाव आणि डोळ्यांत जी ओल होती, ती आखणी करणाऱ्याच्या हातात होती, साच्यात नव्हे. दागिन्यांचे खडे, खरे धोतर, फेटा यांनी मूर्ती भरते, पण चेहरा मागे पडतो. दुसरी गोष्ट, हात. आखणीचा हात तयार व्हायला कित्येक हंगाम जातात. साथीच्या दोन वर्षांत जे तरुण डोलवीच्या पोलाद कारखान्यात किंवा गाड्यांवर कामाला गेले, त्यांना परत बोलावण्याएवढी मजुरी कारखानदाराकडे नाही. उमेदवारी करणाऱ्याला पहिली दोन-तीन वर्षे विद्यावेतन मिळाले, तर तो टिकेल. हे कलाशिक्षण आहे आणि त्यावर खर्च करणे कला संचालनालयाचेच काम आहे.

कारखानदाराची गरज निराळी: खेळते भांडवल. माती, काथ्या, रंग, मजुरी यांचा खर्च दिवाळीनंतर सुरू होतो आणि पैसे भाद्रपदात येतात. पूर्वी ही दरी स्थानिक पतव्यवस्था भरून काढायची. २०१०मध्ये पेण अर्बन बँक बुडाली तेव्हा या गावाच्या ठेवी आणि विश्वास, दोन्ही गेले. दहा वर्षांनी साथ आली ती अशा कोरड्या पडलेल्या गावावर. केंद्राच्या २०२३च्या विश्वकर्मा योजनेत पाच टक्क्यांनी आधी एक, मग दोन लाखांचे कर्ज आहे, अवजारांसाठी १५ हजार आहेत, आणि अठरा व्यवसायांत मूर्तिकारही आहे. पण तो पाथरवटासोबत दगडाच्या ओळीत. मातीचा गणपती घडवणाऱ्याने त्यात शिरायचे की कुंभाराच्या ओळीत, हे सरकारनेच स्पष्ट करावे.

शाडूकडे वळा, असे मूर्तिकाराला सगळेच सांगतात. साथीत घरीच विसर्जन करा असे आवाहन झाले, तेव्हा शाडूच्या लहान मूर्तींना पसंती मिळाली, आणि मला तो बदल आवडतो. पण शाडू पावसाळी हवेत लवकर वाळत नाही, जागा जास्त खातो, वजनदार असतो आणि प्रवासात भंगतो. नदी आणि खाडी वाचवायची तर या जादा खर्चाचा वाटा समाजाने उचलला पाहिजे: वाळवणीसाठी सामायिक छप्पर, गुजरातेतून येणाऱ्या मातीची वाहतूक, भंगलेल्या मालाचा विमा. कलेसाठी सरकारी पैसा कुठे घालावा याचे रायगडमध्ये याहून चांगले उत्तर मला दिसत नाही.

आणि नियम वेळेवर हवेत. २०२५मध्ये जानेवारीत उच्च न्यायालयाने पीओपी बंदीची कडक अंमलबजावणी सांगितली, ९ जूनला मूर्ती घडवायला मुभा दिली, २४ जुलैला सहा फुटांवरच्या मूर्तींच्या विसर्जनाची तात्पुरती वाट काढली. चतुर्थी २७ ऑगस्टला होती. पुढच्या वर्षी कोणती माती, किती उंची आणि कुठे विसर्जन, याचा निर्णय दिवाळीपूर्वी हमरापूरला कळला पाहिजे, कारण साचे भरायला तेव्हाच सुरुवात होते.