इलेक्ट्राची वडीलकी

सोफोक्लीजच्या ‘इलेक्ट्रा’ या शोकनाट्याच्या नायिकेचा विचार बहुधा कन्या या एकाच नात्याने केला जातो. ट्रॉयहून परतलेल्या ॲगमेम्नॉनचा वध झाला आहे. वध करणारी जननीच आहे. आणि मृत पित्याचा शोक आवरता घेण्यास कन्या तयार नाही. कथेचा हा सांगाडा पाहता तसे होणे स्वाभाविकही आहे. १९१३ साली युंगने कन्येच्या पितृविषयक आसक्तीला इलेक्ट्राचे नाव दिले. फ्रॉइडला ती संज्ञा मान्य नव्हती, तरी ती रूढ झालीच. १९३१ साली रंगभूमीवर आलेल्या यूजीन ओनीलच्या ‘मोर्निंग बिकम्स इलेक्ट्रा’ या नाट्यत्रयीतील लॅव्हिनियाही प्रथम पित्याची कन्या म्हणूनच प्रेक्षकांसमोर उभी राहते. या सर्वांमुळे मूळ नाटकातील एक महत्त्वाची गोष्ट दृष्टीआड झाली आहे. सोफोक्लीजने इलेक्ट्राच्या दुःखाचा मुख्य आधार कन्येच्या नात्यात ठेवलेला नाही. तो वडील बहिणीच्या नात्यात ठेवला आहे. मराठीत ‘वडील’ या शब्दात वय आणि अधिकार हे दोन्ही अर्थ एकवटलेले आहेत. या व्यक्तिरेखेचे मर्म त्या दोन अर्थांच्या संधीवरच सापडते.

एकाच कथेत पूर्वसूरींनी काय केले होते हे पाहिले असता सोफोक्लीजचा हेतू स्पष्ट होतो. लहानग्या ओरेस्टीजला वाचविले कोणी आणि वाढविले कोणी, हा येथे कळीचा प्रश्न आहे. पिंडारच्या अकराव्या पायथियन गीतात त्याला वाचविणारी दाई आहे. तिचे नाव अर्सिनोई. इ. स. पूर्व ४५८ मध्ये सादर झालेल्या ईस्किलसच्या नाट्यत्रयीत क्लायटेम्नेस्ट्रा स्वतःच पतीला सांगते की, पुत्र फोकिसच्या स्ट्रोफियसकडे आहे. त्याच त्रयीच्या दुसऱ्या नाटकात किलिसा नावाची वृद्ध दाई येते आणि त्या बालकाचे दूध, त्याची दुपटी, रात्री-अपरात्रीचे त्याचे रडणे यांच्या आठवणी अगदी घरगुती शब्दांत सांगते. युरिपिडीजने मुलाला वाचविण्याचे श्रेय एका वृद्ध सेवकाला दिले. सोफोक्लीजच्या नाटकात मात्र आरंभीच वृद्ध शिक्षक ओरेस्टीजला सांगतो की, त्याला आपण त्याच्या बहिणीच्या हातून स्वीकारले होते. पुढे इलेक्ट्रा याहूनही मोठा दावा करते : हे मूल मातेचे जेवढे होते त्याहून अधिक माझे होते, आणि घरातील दासींनी नव्हे, मीच त्याला वाढविले. दाईची संपूर्ण भूमिका कवीने जाणूनबुजून बहिणीच्या पदरात टाकली आहे. सोफोक्लीज व युरिपिडीज यांच्या नाटकांपैकी आधीचे कोणते, हा वाद अद्याप मिटलेला नाही. परंतु हा निष्कर्ष त्यावर अवलंबून नाही.

या बदलाने नात्याची दिशाच उलटली आहे. ईस्किलसची इलेक्ट्रा भावाला भेटते तेव्हा पिता, माता, बळी दिलेली बहीण आणि बंधू या चारही स्थानी ती त्याला एकट्याला बसविते. ‘इलियड’च्या सहाव्या सर्गात अँड्रोमकी हेक्टरला पिता, माता, बंधू आणि पती असे संबोधते, त्याच परंपरेतील हा उद्गार होय. तेथे अनाथ स्त्री एका पुरुषात आपले सारे गमावलेले कुटुंब शोधते. सोफोक्लीजच्या इलेक्ट्राला मात्र भावात पिता सापडत नाही. तीच भावाची माता झालेली आहे. पिता मारला गेला, आणि माता जिवंत असूनही माता राहिली नाही. या रिकाम्या घरात जी जागा ओस पडली ती एका मुलीने भरून काढली. वृद्ध शिक्षकाची ओळख पटताच ती त्यालाही पिता म्हणून हाक मारते. जे कुटुंब रक्ताने मोडले ते पालनाच्या नात्याने पुन्हा उभे करण्याचा तिचा हा अखंड उद्योग आहे.

यावर असा आक्षेप येईल की, नाटकाच्या पूर्वार्धात तिचा आक्रोश पित्यासाठीच आहे. तो खरा आहे. पण त्या आक्रोशातील दृष्टान्त पाहण्याजोगे आहेत. ती स्वतःला प्रोक्नीशी, म्हणजे बुलबुल होऊन इटिससाठी रडणाऱ्या स्त्रीशी, आणि शिळा झालेल्या नायोबीशी जोडते. या दोघीही पित्यासाठी शोक करणाऱ्या कन्या नव्हेत, तर अपत्ये गमावलेल्या माता आहेत. त्यांतील प्रोक्नीने तर आपले मूल स्वतःच मारले आहे. अविवाहित व निपुत्रिक इलेक्ट्राच्या तोंडी हे दृष्टान्त घालण्यात कवीचे औचित्य आहे. दुसरी गोष्ट कृतीची. पित्याच्या वधानंतर इतकी वर्षे ती रडत आणि वाट पाहत राहिली. स्वतः शस्त्र उचलण्याचा विचार तिने केला नाही. तो विचार ती बहीण क्रिसोथेमिसपुढे मांडते तो ओरेस्टीज मेल्याची वार्ता ऐकल्यानंतरच. पित्याच्या मृत्यूने तिला शोक दिला, पण तिला कृतीस प्रवृत्त केले ते भावाच्या मृत्यूने.

ही वार्ता खोटी आहे, आणि नाटकातील सर्वांत कठोर विरोधाभास तेथेच आहे. रथांच्या शर्यतीत मृत्यू आल्याची कथा ओरेस्टीजनेच रचलेली आहे. शत्रूला फसविण्यासाठी ती योजिली खरी, पण तिचा खरा घाव बसतो तो बहिणीला. ती वार्ता ऐकून क्लायटेम्नेस्ट्रा क्षणभर मातृत्वाच्या वेदनेचे बोलते आणि लगेच भयमुक्त झाल्याचे समाधान व्यक्त करते. इलेक्ट्रा मात्र रक्षापात्र हाती घेऊन जो विलाप करते तो सर्वस्वी मातेचा विलाप आहे. आपण त्याचे अंतिम स्नान घालू शकलो नाही, चितेवरील अस्थी वेचू शकलो नाही, आपले ते गोड कष्ट वाया गेले, अशी तिची खंत आहे. अखेर त्याच पात्रात आपल्यालाही घ्यावे अशी याचना ती करते. प्राचीन रंगभूमीला या विलापाचे स्वरूप नेमके कळले होते. इ. स. दुसऱ्या शतकातील ऑलस गेलियस सांगतो की, पोलस नावाच्या नटाने हा प्रवेश करताना आपल्या मृत पुत्राचे रक्षापात्र हाती घेतले होते. बहिणीचा शोक वठविण्यासाठी नटाने पित्याचा पुत्रशोक वापरला, आणि त्यात त्याला काहीही विसंगत वाटले नाही.

परंतु ते पात्र रिकामे आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते. जिच्या हातांनी मूल वाचले तिच्याच हाती ते मूल एक कपट म्हणून परत येते. ओरेस्टीज निष्ठुर नाही. तिची दशा पाहून त्याचे मन द्रवते, आणि ठरलेला बेत मोडून तो स्वतःला प्रकट करतो. तरीही तो परततो तो पित्याचा वारस म्हणून. प्रारंभी घरातून तिचा आक्रोश ऐकू येतो तेव्हा थांबावे काय, असे तो विचारतो. शिक्षक नको म्हणताच तो पित्याच्या समाधीकडे निघून जातो. ओळख पटविण्यासाठी तो पित्याची मुद्रा दाखवितो. ती आनंदाने बोलू लागली की तो तिला आवरतो, कारण वेळ बोलण्याची नाही. तिने आपल्याला शिक्षकाच्या हाती सोपविले हे त्याला आठवते. तिने आपल्याला वाढविले याचा उच्चार मात्र तो एकदाही करीत नाही. सुटकेला वंशाच्या इतिहासात स्थान मिळते. संगोपनाला मिळत नाही.

येथे इलेक्ट्राला केवळ त्यागमूर्ती ठरविण्याचा मोह टाळला पाहिजे. जे वात्सल्य एवढा दीर्घ काळ भयाच्या आणि द्वेषाच्या सान्निध्यात जगले ते निर्मळ राहिलेले नाही. आत मातेची किंकाळी उठते तेव्हा दाराशी उभी असलेली इलेक्ट्रा आणखी एक घाव घालण्यास ओरडून सांगते. इजिस्थसला बोलू न देता ठार करावे, हा तिचा आग्रह. आणि तेच नाटकातील तिचे शेवटचे बोलणे होय. एका मातेची जागा घेणारी ही मुलगी दुसऱ्या मातेच्या वधाची साक्षीदार आणि प्रेरकही होते. रक्षण करणारे आणि मारण्यास सांगणारे मन एकच आहे, हे सोफोक्लीजने लपविलेले नाही. प्रोक्नीचा दृष्टान्त, जी शोकही करते आणि मारतेही, आता पूर्णपणे उमगतो.

तिघा नाटककारांनी तिला दिलेला शेवट तुलनेस योग्य आहे. ईस्किलस तिला वधापूर्वीच घरात पाठवितो, आणि ती पुन्हा रंगभूमीवर येत नाही. युरिपिडीज तिचा विवाह पिलेडीजशी ठरवून भावापासून तिची कायमची ताटातूट करतो. सोफोक्लीज तिला काहीच देत नाही. ओरेस्टीज इजिस्थसला आत घेऊन जातो, समूहगायक घराण्याच्या मुक्तीची घोषणा करतात, आणि इलेक्ट्रा निःशब्द उरते. घराण्याला वारस मिळाला. परंतु जिने त्याला वाढविले तिचे वाढविण्याचे कार्य संपले, आणि त्या कार्यावाचून तिला दुसरे आयुष्यच नव्हते. कन्या म्हणून पाहिले तर इलेक्ट्रा या नाटकाच्या शेवटी विजयी झालेली आहे. वडील बहीण म्हणून पाहिले तरच हे शोकनाट्य कोणाचे आहे, ते कळते.