व्रण कोणाचा? : पशुव्रणरोपणविषयक संशोधनाची एक चिकित्सा

पशूंच्या व्रणांवरील औषधांसंबंधी आपल्याकडे प्रसिद्ध होणारे दहाबारा शोधनिबंध एका बैठकीत वाचले, तर ते सारे जणू एकाच हाताने लिहिले असावेत असे वाटू लागते. आरंभी सुश्रुताचे स्मरण असते. मग एखाद्या वनस्पतीचा अर्क किंवा मलम येते. पुढे उंदीर किंवा ससा येतो. त्याच्या पाठीवरील केस काढून कातडीचा एक गोल तुकडा शस्त्राने उचलला जातो. पारदर्शक कागदावर जखमेची कड गिरवून तिचे क्षेत्रफळ ठराविक दिवसांनी मोजले जाते. आणि शेवटच्या परिच्छेदात ते मलम गाई, बैल, घोडे, शेळ्या यांच्या जखमांवर उपयुक्त ठरेल असा निर्वाळा दिला जातो. निबंधात जखमी झाला तो प्राणी एक, आणि ज्याला औषध सुचविले तो दुसराच. या दोहोंमधील अंतर आपण कसे ओलांडले, हे सांगण्याची जबाबदारी लेखकास वाटत नाही, व परीक्षकही ती त्याच्यावर टाकीत नाहीत. प्रस्तुत लेखात या अंतराचाच विचार करावयाचा आहे.

'जखम बरी होणे' या शब्दप्रयोगात निरनिराळ्या क्रिया एकत्र बांधल्या गेल्या आहेत. आपल्या बोलीत त्या निरनिराळ्याच आहेत: जखम आवळते, भरून येते, खपली धरते, वर नवी कातडी येते. शोधनिबंधांत मात्र या सर्वांसाठी 'रोपण' हा एकच शब्द वापरला जातो व त्याचे माप म्हणून क्षेत्रफळातील घट दिली जाते. आता, उंदराची कातडी खालच्या थरांना सैल जोडलेली असते व तिच्याखाली पॅनिक्युलस कार्नोसस नावाच्या स्नायूचा पातळ पडदा असतो. पाठीवर माशी बसली असता बैल जागच्या जागी कातडे थरथरवितो, ते याच जातीच्या स्नायूच्या बळावर. अशा सैल कातडीमुळे उंदराच्या पाठीवरील जखम मुख्यतः आवळून मिटते. पारदर्शक कागदावर मोजली जाते ती प्राधान्याने ही आवळण्याची क्रिया होय. बैलाच्या किंवा घोड्याच्या गुडघ्याखाली कातडे हाडाशी ताणून बसविल्यासारखे असते. तेथे आवळण्यास वावच थोडा. तेव्हा उंदराच्या पाठीवर जे औषध जलद ठरले, ते त्या पायावर कोणत्या क्रियेस साहाय्य करणार?

हा आक्षेप नवा नाही. जखम आवळण्यामागे स्नायुपेशींसारखे गुण धारण केलेल्या विशिष्ट पेशी असतात, हे गाब्बियानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये दाखविले. २००४ मध्ये गॅलिआनो प्रभृतींनी उंदराच्या जखमेभोवती सिलिकोनचे कडे शिवून ती आवळू न देण्याची पद्धत वर्णिली. हेतू हा की, जखम मांसांकुरांनी भरावी व नव्या कातडीने झाकली जावी. ही पद्धत खर्चिकही नाही. तरी आमच्या वाचनातील निबंधांत हे कडे क्वचितच भेटते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका समालोचनात मानवी जखमांवरील अभ्यासांशी प्राण्यांवरील निष्कर्ष कितपत जुळतात याचा ताळा मांडला होता: डुकरांवरील अभ्यास ७८ टक्के जुळले, लहान सस्तन प्राण्यांवरील ५३ टक्के. ओली-सुकी करून निर्णय घेण्याच्या फार पुढे हा आकडा जात नाही. आणि हा ताळा माणसासाठी मांडलेला आहे. बैलासाठी तो मांडावा ही कल्पना आमच्या वाचनातील निबंधांना शिवलेलीही नाही.

व्रणसंशोधनातील एका प्रसिद्ध निबंधाचे उदाहरण येथे मुद्दाम घेतो. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की, पॉलिथीनच्या पातळ पापुद्र्याने झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने नव्या कातडीने झाकली जाते. कोरडी खपली धरली की नव्या पेशींना तिच्याखालून वाट काढीत जावे लागते. ओलाव्यात ती वाट मोकळी असते. उघड्या हवेवर जखम सुकविण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत या छोट्या निबंधाने हलवून टाकली. परंतु त्याचे शीर्षक नीट वाचावे. त्यात खपलीचा उल्लेख आहे, नव्या कातडीच्या वेगाचा आहे, जखम वरवरची आहे असे म्हटले आहे, आणि प्राणी कोणता, तर पाळीव जातीचे लहान वयाचे डुक्कर, हेही सांगितले आहे. विंटर यांनी आपला दावा शीर्षकातच कुंपण घालून ठेवला होता. ते कुंपण ओलांडले ते नंतरच्यांनी. त्यांपैकी माणसाबाबतचे पाऊल लगेच पुढल्या वर्षी, १९६३ मध्ये, प्रत्यक्ष माणसावर प्रयोग करून टाकले गेले. ते योग्यच होते.

घोड्याच्या पायावर मात्र हीच गोष्ट उलटली. १९९३ मध्ये अमेरिकेत घोड्यांच्या पायाच्या खालच्या भागातील पूर्ण खोलीच्या जखमांवर हवाबंद पट्ट्या लावून पाहिल्या, तेव्हा जखमा लवकर न भरता रेंगाळल्या व त्यांत दुर्मांस वाढले. २००३ मधील दुसऱ्या एका अभ्यासातही पट्टी बांधलेल्या पायांवर मांसांकुरांची वाढ अधिक दिसून आली. दुर्मांस म्हणजे जखमेच्या कडांवर उसळून आलेले, लालबुंद, सहज रक्ताळणारे मांस. ते वर आले की कडेची नवी कातडी त्यावर चढू शकत नाही. जखम 'भरते', पण मिटत नाही. घोडे सांभाळणाऱ्यांना ही पीडा चांगली ठाऊक असते.

याहून बोधप्रद अभ्यास हॉलंडमधील उट्रेख्ट येथील. विल्मिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये घोडे व तट्टू यांच्या मागील पायाच्या नळीवर व मांडीच्या भागावर जखमा करून त्यांची तुलना केली. नळीवरील जखमा दोहोंतही मांडीवरील जखमांपेक्षा सावकाश मिटल्या. पण तट्टांच्या जखमा अधिक आवळल्या व लवकर बऱ्या झाल्या, तर दुर्मांसाचा उपद्रव घोड्यांच्या पायांवर जास्त झाला. जात एकच, वंश एकच. आकारमान व घडण मात्र वेगळी, आणि तेवढ्याने व्रणाची गती बदलली. पुढील अभ्यासांत असे आढळले की, जखम आवळणाऱ्या पेशी शरीराबाहेर वाढविल्या असता दोघांच्या पेशी सारख्याच आवळतात. भेद पडतो तो दाहाच्या स्वरूपात. तट्टाच्या जखमेत आरंभीचा दाह जोरदार असतो व लवकर ओसरतो. घोड्याच्या जखमेत तो मंद असतो व रेंगाळत राहतो. आपल्या भीमथडी तट्टांविषयी हाच प्रश्न कोणी विचारला, तर एक चांगला प्रबंध होईल.

हा निष्कर्ष आपल्या निबंधांच्या एका लाडक्या युक्तिवादाच्या मुळावर येतो. अर्क 'दाहशामक' आहे, म्हणून तो रोपक आहे, असे वाक्य त्यांत हटकून असते. पण आरंभीचा सणसणीत दाह हाच जर लवकर बरे होण्याचा मार्ग असेल, तर तो पहिल्याच दिवशी शमविणे हा गुण की दोष? उत्तर प्राण्यावर, जागेवर व दिवसावर अवलंबून आहे. आणि नेमक्या याच तीन गोष्टी निष्कर्षाच्या वाक्यातून गळालेल्या असतात.

ज्या सुश्रुताचे आरंभी स्मरण केले जाते, त्याच्या ग्रंथात ही गळती नाही. चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांत रोपण आहेच. पण खोल राहिलेले मांस वर आणण्यासाठी 'उत्सादन' व अतिरिक्त वाढलेले मांस खाली बसविण्यासाठी 'अवसादन' असे परस्परविरुद्ध उपक्रम शेजारीशेजारी ठेवले आहेत. व्रणाच्या जागी पुन्हा केस यावेत म्हणून 'रोमसंजनन' आहे. सूत्रस्थानात त्वचा, मांस, सिरा, स्नायू, अस्थी, संधी, कोष्ठ व मर्म अशी व्रणाची आठ अधिष्ठाने वेगळी काढली आहेत. एकाच मलमाने सर्व व्रण बरे होतील ही अपेक्षाच तेथे दिसत नाही. हत्तींच्या चिकित्सेसाठी तर पालकाप्याच्या नावावर 'हस्त्यायुर्वेद' हा स्वतंत्र ग्रंथ आहे व त्यात शल्यस्थान हा एक संपूर्ण विभाग आहे. पुण्याच्या आनंदाश्रमाने तो १८९४ मध्ये छापला. हत्तीच्या व्रणाला वेगळे शास्त्र लागते, ही जाण त्या ग्रंथाच्या असण्यातच आहे. तेव्हा आपण प्रस्तावनेत सुश्रुत घेतो तो अलंकार म्हणून. पद्धतीत त्याला शिरकाव नसतो.

हळदीच्या प्रकरणाने ही सवय अधिकच बळावली, असे आमचे मत आहे. जखमेवर हळद वापरण्यासंबंधीचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते आव्हानित केले, आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. रघुनाथ माशेलकर तेव्हा परिषदेचे महासंचालक होते. विजय मोठा होता व तो न्याय्यही होता. परंतु सिद्ध काय झाले? हा उपयोग नवा नाही, एवढेच. पेटंटकचेरीपुढे प्रश्न प्राचीनतेचा होता; गुण किती, कोणत्या जखमेवर, कोणत्या मात्रेत, हा प्रश्न तिच्यापुढे नव्हताच. तरी अनेक निबंधकार त्या निकालाचा दाखला परिणामकारकतेचा पुरावा म्हणून देतात.

संख्याशास्त्रीय दोषांविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यांची चर्चा अन्यत्र पुष्कळ झाली आहे. सहा सशांच्या पाठीवर प्रत्येकी चार जखमा केल्या म्हणजे चोवीस ससे होत नाहीत. प्राण्यांची विभागणी यदृच्छेने केली का, मोजणाऱ्यास औषध ठाऊक होते का, हे सांगितलेच पाहिजे. २००९ मध्ये ब्रिटन व अमेरिकेतील प्राणिप्रयोगांच्या २७१ निबंधांची पाहणी झाली, तेव्हा ८७ टक्क्यांत यदृच्छ विभागणीचा व ८६ टक्क्यांत अशा अज्ञानतेचा उल्लेख नव्हता. म्हणजे हा दोष केवळ आपला नव्हे. तुलनेसाठी घेतलेले पोव्हिडोन आयोडीनही तपासून घ्यावे: १९८५ मध्ये १ टक्का तीव्रतेचे हे द्रावण पेशीसंवर्धनात तंतुजनक पेशींना मारक ठरले होते. दुबळ्या पैलवानास चीत करून मानाची गदा मिळत नाही. अर्थात् बशीतील पेशी म्हणजेही जनावर नव्हे, आणि या आधारावर आयोडीन त्याज्य ठरविले तर आम्हीही वरील दोषाचेच धनी होऊ.

एक आक्षेप रास्त आहे. बैलांवर वा घोड्यांवर मुद्दाम जखमा करणे खर्चाचे आहे, आणि खर्चाचा प्रश्न नसता तरी ते करू नये असे पुष्कळांना वाटेल, आम्हांसही वाटते. पण पशुचिकित्सालयाच्या आवारात जखमी जनावरे रोज येत असतात. त्यांच्या जखमा कोठे होत्या, किती जुन्या होत्या, त्यांत अळ्या होत्या का, मिटण्यास किती दिवस लागले, याची काटेकोर नोंद हेही संशोधनच. २००४ मधील एका तुलनेत टाके घातलेली मांजराची जखम सातव्या दिवशी कुत्र्याच्या जखमेच्या निम्मीच बळकट आढळली. टाके केव्हा काढावेत हा रोजचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर उंदराकडे नाही.

आपल्याकडील सर्वांत परिचित पशुव्रण म्हणजे बैलाच्या मानेवरील जुवाचा घट्टा व जखम. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते; तूप किंवा तेल व हळद लावून खांदे चोळतात, काही ठिकाणी शेकतात. हळदीवरील निबंधकारांपैकी काही जण या प्रथेचा उल्लेख अभिमानाने करतात. पण खांदेमळणीत हळदीबरोबर आणखी एक गोष्ट असते: दुसऱ्या दिवशी त्या मानेवर जू ठेवीत नाहीत. जुवाची जखम दाबाने व घर्षणाने होते, रोज त्याच जागी होते, आणि घाम, धूळ व माशा यांच्या संगतीत वाढते. पिंजऱ्यातील निरोगी सशाच्या पाठीवर धारदार शस्त्राने एकदाच केलेल्या स्वच्छ जखमेशी तिचे साम्य नावापुरतेच आहे. हळदीचे मलम, साधे तूप, नुसती विश्रांती आणि जुवाखाली घातलेली मऊ गादी यांची तुलना खांदा आलेल्या बैलांतच करता येईल. त्यासाठी कोणावरही नवी जखम करावी लागणार नाही, आणि पेरणीच्या दिवसांत बैल किती दिवस मोकळा ठेवता येतो, हा शेतकऱ्याचा खरा प्रश्नही त्या मोजणीत येईल. अशा प्रयोगाची आखणी कोणी विद्यार्थी करू पाहील, तर मोजपट्टी लावण्याआधी जुवाची रुंदी, बैलाचे वय आणि दिवसाचे कामाचे तास त्याने प्रथम लिहून घ्यावेत.