अर्धा गुण

२६ सप्टेंबर २०२३. चीनमधल्या टोंगलूच्या मैदानावर भारताच्या चार तरुण स्वारांनी आशियाई क्रीडा स्पर्धेत ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या शिकवलेल्या चालींच्या परीक्षेचं, सांघिक सुवर्ण जिंकलं. भारत २०९.२०५, चीन २०४.८८२, हाँगकाँग २०४.८५२. अश्वारोहणात भारताला सोनं मिळालं ते १९८२ च्या दिल्लीनंतर, म्हणजे ४१ वर्षांनी. ड्रेसाजमधलं तर हे पहिलंच. त्यामुळे आनंद झाला तो रास्तच होता. पण बहुतेकांनी ‘सुवर्ण’ एवढंच वाचलं आणि पान उलटलं, याची मला अजून हळहळ वाटते. चांगली कविता जशी ओळीओळीनं वाचावी लागते, तसा ड्रेसाजचा निकाल रकान्यारकान्यानं वाचावा लागतो. या निकालात वाचण्यासारखं फार आहे.

आधी त्या दिवशीची परीक्षा समजून घेऊ. तिचं नाव प्रि सेंट जॉर्ज. मैदान ६० मीटर लांब, २० मीटर रुंद. कडेनं अक्षरांच्या पाट्या. मधला एक्स मात्र कुठेही लिहिलेला नसतो; तो स्वारानं मनातच धरायचा. सगळा क्रम पाठ असावा लागतो. तोंडातून आवाज काढायचा नाही, जीभ टाळ्याला लावून घोड्याला चुचकारायचंही नाही. जे सांगायचं ते मांडीतून, पोटरीतून, बैठकीतून आणि लगामाच्या बोटभर हालचालीतून.

सुरुवात होते ती थांबण्यानं. स्वार आवरलेल्या कँटरमध्ये, म्हणजे तीन ठोक्यांच्या संथ दौडीत, आत येतो आणि एक्सवर घोडा उभा करून परीक्षकांना अभिवादन करतो. बघणाऱ्याला वाटतं, यात काय आहे? पण कँटरमधून, मध्ये एकही जादा पाऊल न टाकता, पाचशे-सहाशे किलोचं जनावर जागच्या जागी थांबवायचं, तर त्याला आपला भार मागच्या पायांवर घेऊन पुठ्ठा खाली आणावा लागतो. चारी खुरांवर सारखं वजन, मागचे दोन पाय पुढच्यांच्या बरोबर मागे, मान स्थिर, तोंड शांत. एखादा मागचा पाय वीतभर मागे राहिला की गुण गेला. गंमत अशी की समोर, सी या अक्षरापाशी बसलेल्या परीक्षकाला घोडा सरळ उभा आहे की तिरका हे स्वच्छ दिसतं, पण मागे राहिलेला पाय नीट दिसत नाही. तो दिसतो बाजूला, ई आणि बी पाशी बसलेल्यांना. उभं राहणं एकच, पण ते पाच जण पाच कोनांतून वाचतात. एखाद्या ओळीवर पाच जाणकारांनी आपापलं मत द्यावं आणि सगळीच मतं खरी असावीत, तसं.

पुढे ट्रॉट येतो. त्यात खांदा आत घेऊन चालणं, लहान वर्तुळ, मग तिरकं सरकणं. घोडा पुढेही जातो आणि आडवाही, पाय एकमेकांवरून नेत. मात्र दोन ठोक्यांची लय तुटता कामा नये. नंतर वॉक. त्यानंतर कँटरमधली उडती अदलाबदल. ही नीट बघावी. कँटरचे तीन ठोके पडतात आणि मग क्षणभर चारी पाय हवेत असतात. त्या क्षणात घोड्यानं आघाडीचा पाय बदलायचा. प्रि सेंट जॉर्जमध्ये दर चौथ्या पावलाला असं पाचदा आणि दर तिसऱ्या पावलाला पाचदा. पुढचे पाय बदलले आणि मागचे एका पावलानं उशिरा बदलले, तर सामान्य प्रेक्षकाला काहीच कळत नाही, परीक्षकाला मात्र लगेच कळतं. स्वार मनात मोजत असतो, आणि सांगायचं असतं ते घोड्याचे पाय हवेत जाण्याच्या किंचित आधी. पाय हवेत गेल्यावर सांगितलेलं वाया जातं.

या साऱ्यात मला सर्वांत जास्त बघावासा वाटतो तो ताणलेला वॉक. डोळ्यांत भरेल असं त्यात काहीच नाही. स्वार लगाम लांबवतो, घोडा मान पुढे-खाली सोडतो आणि ऐसपैस चालतो. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्याही पुढे पडतो. चार ठोके, सुटे सुटे. एवढंच. पण याला दुप्पट गुण आहेत, आणि ते योग्यच आहे. ट्रॉटमध्ये जोर लावून, कँटरमध्ये वेग देऊन घोड्याची अस्वस्थता थोडीफार झाकता येते. वॉकमध्ये काहीही झाकत नाही. अंगात ताण असेल तर पावलं आखडतात किंवा एका बाजूचे दोन पाय एकदम पडू लागतात. वर्षभर पागेत घोड्याला कसं वागवलं, हे त्या अर्ध्या-पाऊण मिनिटात उघड होतं.

आता आकड्यांकडे. त्या दिवशी भारताच्या चौघांचे गुण असे: एट्रोवर बसलेला अनुश अगरवाला ७१.०८८ टक्के, एमराल्डवर हृदय छेडा ६९.९४१, अॅड्रेनालिन फिरफोडवर दिव्यकृती सिंह ६८.१७६ आणि चिन्स्कीवर सुदीप्ती हजेला ६६.७०६. चौघांतले वरचे तीन धरायचे, चौथा सोडायचा, हा नियम. एका परीक्षकाकडे ३४० गुण, पाच परीक्षकांचे मिळून १,७००. टक्क्यांवरून उलटा हिशेब केला की अनुशचे १२०८.५, हृदयचे ११८९, दिव्यकृतीचे ११५९ आणि सुदीप्तीचे ११३४ गुण निघतात. ५,१०० पैकी भारताची बेरीज ३५५६.५. चीनची ३४८३. हाँगकाँगची ३४८२.५.

चीन आणि हाँगकाँग यांच्यात अंतर किती, तर अर्ध्या गुणाचं. पाच परीक्षकांपैकी एकानं, सहांपैकी एका घोड्याच्या एकाच हालचालीला साडेसहाऐवजी सहा दिले असतील, बस. रौप्य आणि कांस्य यांत एवढाच फरक. तो अर्धा गुण कुठे गेला हे कोणालाही सांगता येणार नाही. कदाचित वीतभर मागे राहिलेल्या त्या पायात.

भारताला चीनवर साडेत्र्याहत्तर गुणांची आघाडी मिळाली, म्हणजे विजय भरभक्कम दिसतो. पण एकेकाला वगळून बघा. दिव्यकृतीऐवजी सुदीप्तीचे गुण धरले तर २०७.७३५, तरी सुवर्ण. हृदयला वगळलं तर २०५.९७०, तरीही सुवर्ण. अनुशला वगळलं तर? २०४.८२३. म्हणजे हाँगकाँगहून अर्धा गुण कमी, चीनहून एक गुण कमी, थेट तिसरा क्रमांक. ५,१०० गुणांच्या स्पर्धेत तीन संघ एका गुणाच्या आत आले असते. अनुशची कामगिरी किती मोलाची होती, हे त्याच्या पदकापेक्षा या वजाबाकीतून मला जास्त कळतं. आणि सुदीप्ती? तिचे गुण बेरजेत आलेच नाहीत, पण पहिल्या तिघांपैकी हृदय किंवा दिव्यकृती, कोणाचा घोडा बिथरला असता तरी तिच्या ६६.७०६ वर सोनं टिकलं असतं. आपल्यामागे हा आकडा आहे या भरवशावर संघातल्या बाकीच्यांना मोकळ्या मनानं स्वारी करता येते. होळकरांच्या इंदूरची ही मुलगी तेव्हा २१ वर्षांची होती, संघात सर्वांत लहान. न मोजलेल्या गुणांचं श्रेय तिला जाहीरपणे द्यायला हवं.

अशा गुणांमागे एक हंगाम नसतो, हंगामांची रांग असते. अनुश कोलकात्याचा. सतराव्या वर्षी तो जर्मनीत पाडरबॉर्नजवळ हुबेर्टुस श्मिट यांच्याकडे शिकायला गेला. श्मिट २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या सुवर्णविजेत्या ड्रेसाज संघात होते. हृदय मुंबईचा, त्याचीही तयारी युरोपातच झाली. दिव्यकृती जयपूरची. मुलांनी युरोपात जायचं, घोडेही तिथेच ठेवायचे, याला कारण आहे. घोड्यांच्या रोगांबाबतच्या नियमांमुळे भारतातून घोडा थेट परदेशी स्पर्धेला नेणं शक्य नव्हतं. मग घर, भाषा, जेवण, सगळं सोडून पागेजवळ राहायचं. दिवस सुरू होतो तो खोगीर चढवण्यापासून नाही. त्याआधी पायांवरून हात फिरवून कुठे ऊब किंवा सूज लागते का हे पाहण्यापासून.

आणि वर्षभर सराव कशाचा? संपूर्ण परीक्षेचा क्वचितच. रोज तोच क्रम केला तर घोडा तो पाठ करतो आणि सांगण्याआधीच पाय बदलून मोकळा होतो. म्हणून तुकडे घ्यायचे, तेही उलटसुलट. आज नुसतं थांबणं आणि निघणं. उद्या ट्रॉटमधून वॉकमध्ये येणं. परवा रानातून मोकळी रपेट. स्वाराला स्वतःच्या मांडीवर काम करावं लागतं ते वेगळंच. उजवी मांड डाव्यापेक्षा जड पडत असेल तर घोडा प्रत्येक तिरक्या चालीत ते परीक्षकाला सांगून टाकतो. हे रोजचं काम बाहेरून कंटाळवाणं दिसतं. मला त्यातच या कलेचा खरा रस वाटतो.

टोंगलूची गोष्ट सोन्यावर संपली नाही. दुसऱ्या दिवशीच्या वैयक्तिक फेरीत हृदय छेडा सगळ्या आशियात पहिला आला. २८ सप्टेंबरला अंतिम फेरी होती, संगीतावरची. स्वार आपल्या घोड्याच्या ठोक्यांना जुळणारं संगीत निवडतो आणि रचनाही स्वतः करतो. त्या फेरीत एमराल्डच्या पुढच्या पायावर रक्त दिसलं आणि हृदय बाद झाला. एक गुणही न मिळता. रक्ताचा नियम अगदी साधा आहे: जखम किती खोल, चूक कोणाची, हे विचारलं जात नाही. ताजं रक्त दिसलं की फेरी संपते. मलेशियाच्या कबील अंबाकला सुवर्ण, हाँगकाँगच्या जॅकलिन सिऊला रौप्य, आणि ७३.०३० टक्क्यांसह अनुशला कांस्य मिळालं. ड्रेसाजमधलं भारताचं ते पहिलं वैयक्तिक आशियाई पदक.

हृदयसाठी जीव तुटतो. पदक इतकं जवळ आलेलं असताना असं बाहेर पडावं लागणं, तेही पंचविशीत. तरी हा नियम बदलू नये असं माझं ठाम मत आहे. ज्या खेळात घोड्याला बोलता येत नाही आणि स्वारालाही बोलायची परवानगी नाही, तिथे घोड्याची बाजू कोणीतरी बिनशर्त घ्यायला हवी. माणसाचं पदक आणि घोड्याचा पाय यांत पाय आधी, हे नियमातच लिहिलेलं असल्यामुळे ड्रेसाजला कला म्हणायला मन धजतं.

पुढच्या वर्षी अनुश पॅरिस ऑलिंपिकला गेला, सर कॅरामेलो या घोड्यावर. ऑलिंपिक ड्रेसाजमध्ये उतरलेला तो पहिला भारतीय. ६६.४४४ टक्के मिळाले, पुढची फेरी गाठता आली नाही. ती परीक्षा ग्राँ प्रीची, प्रि सेंट जॉर्जहून कितीतरी वरची. हे अंतर ध्यानात घेऊनच तो आकडा वाचावा.

ही वाट आपल्याकडच्या एखाद्या लहान गावातल्या मुलीला कितपत खुली आहे, हे बघायला आता म्हैसूरकडे येतो. शहरातून हुणसूरच्या रस्त्यानं निघालं की येलवाल लागतं. मराठी वाचकाला हे गाव विनोबांच्या १९५७ च्या ग्रामदान परिषदेमुळे माहीत असेल. या मुलखाला घोड्याचं अप्रूप नाही. म्हैसूर संस्थानच्या फौजेत शिलेदारांचं घोडदळ होतं, २३ सप्टेंबर १९१८ ला हैफा घेणाऱ्यांत म्हैसूर लान्सर्स होते, आणि दसऱ्याच्या मिरवणुकीत आजही पोलिसांचे घोडे चालतात. इथल्या एखाद्या मुलीला ड्रेसाज शिकावंसं वाटलं तर तिचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होईल आणि उन्हाळ्याआधी संपेल. जिल्ह्याबाहेरच्या स्पर्धा, मग कुमारांची राष्ट्रीय स्पर्धा. आतापर्यंत त्यापुढे युरोपाशिवाय वाट नव्हती, आणि ती वाट मोजक्याच घरांना परवडते. जुलै २०२५ मध्ये मेरठ छावणीतल्या लष्कराच्या अश्वकेंद्राला जागतिक पशुआरोग्य संघटनेनं रोगमुक्त विभाग म्हणून मान्यता दिली. भारतात वाढलेला घोडा बाहेरच्या स्पर्धेला जाण्याची वाट त्यामुळे पहिल्यांदा किलकिली झाली आहे. येलवालच्या मुलीला या वाटेचा लगेच उपयोग होईल असं नाही, पण दार उघडायला हवं होतं ते इथूनच.

तोवर आपण बघणाऱ्यांनी एवढं करावं. तुमच्या गावाजवळ ड्रेसाजची स्पर्धा असेल तर जरूर जा. महालक्ष्मीला होते, बंगळुरूला होते, बहुतेक वेळा खुर्च्या रिकाम्याच असतात. टाळ्या उडत्या बदलाला वाजवा, पण नजर वॉकवर ठेवा. निकालपत्रक हाती आलं तर शेवटची बेरीज राहू द्या. ताणलेल्या वॉकच्या रकान्यात पाच परीक्षकांनी काय लिहिलंय, ते आधी वाचा.