गणेशखिंडीची बाग कोणासाठी?

गेल्या वेळी आपण अंबरनाथच्या शिवमंदिराबद्दल बोललो. १०६० सालचं ते देऊळ जवळ जाऊन, प्रदक्षिणा घालत बघावं लागतं. आज उलट उदाहरण घेऊ: पुण्याच्या गणेशखिंडीतला गव्हर्नरचा बंगला, म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत.

बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत १८६४ मध्ये काम सुरू झालं, १८७१ मध्ये संपलं. वास्तुविशारद जेम्स ट्रबशॉ. इटालियन धाटणी, उंच मनोरा, भोवती हिरवळ आणि मोठाली झाडं. कापसाच्या तेजीत आरंभलेलं हे काम १८६५ मध्ये तेजी कोसळल्यावरही चालूच राहिलं. खर्चावरून तेव्हाही बोंब झालीच.

चित्रासारखा दिसणारा निसर्ग म्हणजे सुंदर निसर्ग, ही कल्पना अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये गिल्पिन, प्राइस यांनी रुजवली. कांटनेही १७९० मध्ये उद्यानकलेला चित्रकलेच्याच खात्यात टाकलं. पण यात एक मेख आहे. चित्र बघायचं तर चौकटीबाहेर उभं राहावं लागतं. शेत रम्य दिसतं ते ज्याच्या हाती नांगर नाही त्याला! इंग्रज जमीनदार बागेच्या कडेला खोल चर खणत. गुरं आत येत नसत, पण खिडकीतून हिरवळ अखंड दिसे. अडवणूक होती, फक्त ती दिसत नव्हती.

गणेशखिंडीत ती दिसली. प्लेगच्या झडत्यांनी पुणं पोळलेलं असताना, २२ जून १८९७ रोजी इथे राणीच्या हीरक महोत्सवाचा सोहळा झाला. त्याच रात्री इथून परतणाऱ्या रँड आणि आयर्स्टवर चापेकरांनी गोळ्या झाडल्या.

मग ही बाग टाकाऊ म्हणायची का? मला नाही तसं वाटत. १९४९ च्या फेब्रुवारीत पुणे विद्यापीठ सुरू झालं, बंगला त्याच्याकडे आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या शेजारच्या कल्याण छावणीला उल्हासनगर हे नाव मिळालं. तिकडे गव्हर्नरच्या झाडाखाली विद्यार्थी डबा उघडू लागले, इकडे सैनिकांच्या बराकींत निर्वासित सिंधी कुटुंबांनी संसार मांडले. बराकीला कुणी रम्य म्हणत नाही. पण दाराशी डब्यात मोगरा लावणाऱ्याला सौंदर्य कळत नाही, असं कोण म्हणेल?

माझ्या मते ती बाग खरी सुंदर झाली ती लोक आत आल्यावर. म्हणून प्रश्न आपल्यालाच आहे. देवळाशेजारून वाहणाऱ्या वालधुनीच्या काठी आज घटकाभर बसावंसं वाटतं का? नसेल, तर बाग हवी तिथेच.