सौरवादळांचे दैनिक भाकीत : मापाचा प्रश्न

नृसिंहवाडीस पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढले म्हणजे ते मंदिरात उत्तरेकडून शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणद्वाराने बाहेर पडते. हा योग केव्हा येईल याचा अदमास वरच्या अंगाचा पाऊस, धरणांचा विसर्ग व पंचगंगेचा फुगवटा यांवरून बांधला जातो. तो खरा ठरला की चुकला, याची खूण मात्र एकच : पाणी पादुकांवरून वाहिले की नाही. सूर्याची सक्रियता व भूचुंबकीय स्थिती यांविषयी जी दैनिक भाकिते प्रसिद्ध होतात, त्यांच्या परीक्षणात ही खूणच अनिश्चित राहते.

या भाकितांत केपी हा तीन-तीन तासांचा निर्देशांक प्रमुख असतो. तो ज्या तेरा वेधशाळांच्या नोंदींवरून काढतात, त्या विषुववृत्तापासून दूरच्या अक्षांशांवर आहेत. कोल्हापूरसारख्या अल्प अक्षांशावर वादळाची मुख्य खूण म्हणजे क्षैतिज घटकाची घट होय. ती पृथ्वीभोवतालच्या वलयप्रवाहामुळे होते, आणि तिचे माप डीएसटी या तासागणिक निर्देशांकाने घेतले जाते. तेव्हा केवळ केपीवर आधारलेले भाकीत या प्रदेशाविषयी प्रत्यक्ष फारसे सांगत नाही.

मापाचा हा घोटाळा कुलाबा वेधशाळेच्या १८५९ सालच्या नोंदीबाबत विशेष स्पष्ट होतो. त्सुरुतानी, गोन्झालेझ, लाखिना व अलेक्स यांनी २००३ साली तिच्यावरून सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट दाखविली. ह्या लेखाने एका भारतीय वेधशाळेची जुनी वाचने जगाच्या चर्चेत आणली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु तो आकडा क्षणिक वाचनाचा आहे. सिस्को प्रभृतींनी २००६ साली तासाची सरासरी घेतली, तेव्हा तो ८५० च्या आसपास आला. मार्च १९८९ मध्ये क्वेबेकची वीज सुमारे नऊ तास खंडित करणाऱ्या वादळाचा ५८९ हा आकडा तासागणिक निर्देशांकाचा आहे. त्याच्याशेजारी १६०० ठेवणे म्हणजे एका पुराची क्षणिक उंची दुसऱ्याच्या सरासरीशी ताडून पाहणे होय.

भाकिताची दुसरी मर्यादा अवधीची आहे. सौर उद्रेकाचा वेग दुरून मोजता येतो. परंतु त्यातील चुंबकीय क्षेत्र दक्षिणाभिमुख आहे की नाही, यावर वादळाची तीव्रता अवलंबून असते, आणि ते खात्रीने कळते पंधरा लक्ष किलोमीटरांवरील यानाकडूनच. जानेवारी २०२४ मध्ये त्या स्थानी पोहोचलेले आदित्य-एल१ हे असे एक यान होय. वारा सेकंदाला ५०० किलोमीटर असल्यास पन्नास मिनिटे मिळतात. १८५९ चा उद्रेक साडेसतरा तासांच्या सुमारास पृथ्वीवर आला. त्या सरासरी वेगाने जेमतेम अकरा मिनिटे मिळाली असती. वादळ जितके प्रबळ, तितकी पूर्वसूचना तोकडी.

शिवाय शांत दिवस बहुसंख्य असतात. ‘कालचीच स्थिती आज राहील’ एवढे म्हणणारा भाकितकारही बहुधा यशस्वी ठरतो. म्हणून यशाची टक्केवारी देण्यापूर्वी कोणते माप, किती काळाची सरासरी व वादळी दिवसांपैकी किती आधी ओळखले, या तीन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. त्यांवाचूनचे भाकीत कितीही नियमित प्रसिद्ध झाले, तरी त्याची परीक्षा होऊ शकत नाही. आणि ज्याची परीक्षा होत नाही, त्याच्या भरवशावर वीजवाहिन्यांचे वा उपग्रहांचे रक्षण सोपविता येत नाही.