शाळेनंतरचे वळण आणि आपले साहित्य

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की सामान्य स्थितीच्या घरांत एक प्रश्न उभा राहतो. मुलाने पुढे विद्यापीठाची वाट धरावी, की मिळेल ती नोकरी पत्करून घराला हातभार लावावा? मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले आणि 1859 साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. तेव्हापासून ‘मॅट्रिक’ हा शब्द मराठी संसारात केवळ परीक्षेचे नाव म्हणून राहिला नाही. तो रस्ता फुटण्याच्या जागेचे नाव झाला. आज मॅट्रिक गेली आणि बारावी आली. परंतु रस्ता तेथेच फुटतो आणि उंबऱ्यावर उभी राहणारी चिंताही तीच आहे. ज्या प्रश्नाने इतक्या घरांची झोप उडविली, त्याला आपल्या साहित्याने कोणता न्याय दिला, हे पाहावे असे मला वाटते.

प्रथमदर्शनी असे दिसते की शाळेपर्यंत पोहोचण्याची धडपड आपल्याकडे उत्तम रंगविली गेली आहे. महाविद्यालयात गेल्यानंतरचा भ्रमनिरासही तितक्याच ताकदीने आला आहे. या दोहोंच्या मधल्या निवडीच्या क्षणाकडे मात्र आपण फारसे पाहात नाही. त्या निवडीचा खर्च कोणी सोसला, हा हिशेब तर वाचक आणि टीकाकार दोघेही बहुधा टाळतात. चांगल्या लेखकांनी तो टाळलेला नाही, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

आरंभ महर्षी कर्वे यांच्या ‘आत्मवृत्ता’पासून करणे उचित ठरेल. हे पुस्तक 1915 साली प्रसिद्ध झाले. त्यातील एक प्रसंग बहुतेकांना ठाऊक असतो. मुरूडचा एक कोकणी मुलगा सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा देण्यासाठी घाट चढून पायी साताऱ्यास जातो. तो वयाने लहान दिसतो, एवढ्यावरून परीक्षक त्याला बसू देत नाहीत. हा प्रसंग आपण चिकाटीचा धडा म्हणून सांगतो. पण तो आणखी एका दृष्टीने वाचता येतो. ती परीक्षा विद्वत्तेची नव्हती. ती लहानशा सरकारी चाकरीचे दार उघडणारी होती. म्हणजे साताऱ्याची ती पायपीट नोकरीच्या दिशेने होती, ज्ञानाच्या नव्हे. पुढे कर्वे इंग्रजी शिकले, 1881 साली मॅट्रिक झाले आणि 1884 साली बी. ए. झाले. कर्व्यांच्या कथनाचा विशेष असा की, ते या दोन वाटांत उच्चनीचभाव मानीत नाहीत. शिकवण्या करून शिक्षणाचा खर्च भागविणे त्यांना नामुष्कीचे वाटत नाही आणि पदवी मिळाल्याचा गाजावाजाही ते करीत नाहीत. नोकरी आणि विद्या यांना एकाच जमाखर्चाच्या वहीत मांडणारा हा समतोल पुढील मराठी लेखनात दुर्मिळ झाला.

तो का दुर्मिळ झाला, याचे उत्तर आनंद यादव यांच्या ‘झोंबी’त काही अंशी मिळते. 1987 साली प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात्मक कादंबरीस 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणांस तिच्याविषयी वेगळी आस्था वाटावी, असे एक कारण आहे. तिचा एक भाग ‘जूझ’ या नावाने हिंदी अनुवादातून केंद्रीय अभ्यासक्रमाच्या बारावीच्या ‘वितान’ या हिंदी पुस्तकात समाविष्ट झाला. त्यामुळे दिल्लीत वा भोपाळात वाढलेल्या ज्या मराठी मुलांनी यादवांचे नावही घरी ऐकले नसेल, त्यांच्यापैकी कित्येकांनी तो मजकूर वाचला; आणि वाचला तोही नेमका बारावीत, म्हणजे स्वतः त्या वळणावर उभे असताना. साहित्यकृती आणि वाचकाचे वय यांची अशी गाठ क्वचितच पडते.

त्या उताऱ्यात काय आहे? बापाने शाळेतून काढून शेतात जुंपलेला मुलगा आईला मध्यस्थ करून दत्ताजीराव देसायांकडे जातो. देसाई बापाला खडसावतात आणि मुलाची शाळा पुन्हा सुरू होते. पण शाळेपूर्वी शेतावर राबायचे आणि शाळा सुटल्यावर गुरे राखायची, अशी अट बाप घालतोच. पुढे सौंदलगेकर मास्तरांच्या तोंडून कविता ऐकता ऐकता त्याला काव्याचा नाद लागतो आणि रानात कागद नसला की तो म्हशीच्या पाठीवर काटकीने किंवा दगडावर खड्याने ओळी लिहितो.

या भागातील खरी मार्मिक गोष्ट अशी की, मुलगा शिक्षण मागतो ते कवितेसाठी नव्हे. शेतीतून हाती काही लागत नाही, शिकलो तर नोकरी लागेल, चार पैसे हाताशी राहतील, असा त्याचा सरळ व्यवहारी हिशेब आहे. कविता त्याला न मागता मिळते. ज्या लाभासाठी माणूस शाळेत जातो आणि जो लाभ शाळा त्याला देते, ते दोन्ही एक नसतात, एवढा मोठा विचार यादवांनी कोणतेही भाष्य न करता प्रसंगातून उभा केला आहे. ‘उपयोग काय?’ असा प्रश्न विचारून विद्यापीठाला तराजूत घालणाऱ्यांना यापेक्षा चांगले उत्तर देता येणार नाही. आणि हे उत्तर देणारा लेखक उपयोगाचा प्रश्न हीन मानीत नाही, हे विशेष.

तथापि पाठ्यपुस्तकाने केलेल्या या निवडीत एक उणीवही राहते. उतारा विजयापाशी थांबतो. कादंबरी तेथे थांबत नाही. मूळ ग्रंथात ही झोंबी मॅट्रिकपर्यंत चालते आणि तिच्याभोवती आईचे न संपणारे कष्ट व भावंडांची आबाळ सतत दिसत राहते. एक मुलगा शिकतो तेव्हा त्याच्या वाटचे काम दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर पडते. केवळ उतारा वाचणाऱ्या विद्यार्थ्याला जिद्दीची गोष्ट मिळते. जिद्दीचे मोल कोणाच्या कनवटीतून गेले, हे कळत नाही. कागलच्या बोलीतील रांगडेपणा अनुवादात पातळ होतो, हे खरे. पण त्याहूनही हा हिशेब गळतो, हे मला अधिक नुकसानीचे वाटते.

‘झोंबी’च्या शेजारी ‘कोसला’ ठेवून पाहावी. भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी 1963 साली आली आणि महाविद्यालयीन जीवनाकडे पाहण्याची मराठी वाचकाची दृष्टीच तिने पालटून टाकली. खानदेशातील सांगवीचा पांडुरंग पुण्यास शिकावयास जातो, वसतिगृहात राहतो, मेस आणि स्नेहसंमेलन यांच्या कारभारात गुंततो, पैसे उधळतो आणि पदवी न घेता गावी परततो. विद्यार्थिदशेभोवतीचे सारे पवित्र वलय नेमाड्यांनी ‘वगैरे’ या एका शब्दाने विस्कटून टाकले. विद्यापीठ ही ज्ञानाची गंगोत्री आहे, असे भाषणांतून सांगणाऱ्या पिढीला तो शब्द झोंबला असल्यास नवल नाही.

पांडुरंगाचा हा नकार खोटा आहे, असे मी म्हणणार नाही. त्याची पोकळी अस्सल आहे आणि तिला मराठी गद्यात सापडलेला सूर अपूर्व आहे. परंतु हा नकार त्याला परवडतो, हेही वाचकाने विसरू नये. परत यावयास गाव आहे, गावात वाडा आहे, बापाची शेती आहे. नेमाडे स्वतः हे लपवीत नाहीत. बापाच्या पैशाचा उल्लेख कादंबरीत वारंवार येतो आणि पांडुरंगाच्या मनाला तो टोचतही राहतो. लपविले ते आपण वाचकांनी. शिक्षणाच्या निरर्थकतेचे तत्त्वज्ञान म्हणून ‘कोसला’ हातोहात फिरली. पण त्या तत्त्वज्ञानाखाली असलेली जमीन कोणाच्या नावावर आहे, हे विचारण्याचे आपल्याला फारसे सुचले नाही.

दोघेही शेतकऱ्यांचे मुलगे. एकाचा बाप पैसे पाठवून शिकवितो आणि मुलगा शिक्षण टाकून येतो. दुसऱ्याचा बाप शाळेतून ओढून नेतो आणि मुलगा शिक्षणासाठी बापाशी झोंबतो. या दोन पुस्तकांत शिक्षणाविषयी दोन मते आहेत, असे समजणे वरवरचे होईल. भेद मतांचा नाही, स्थितीचा आहे. पाठीशी आधार असलेल्याला विद्यापीठ सोडण्याचे स्वातंत्र्य असते. आधार नसलेल्याला ते धरून ठेवण्यासाठीच सारे बळ खर्चावे लागते.

आता तिसरी वाट, म्हणजे कामाची. नारायण सुर्वे यांचा ‘माझे विद्यापीठ’ हा संग्रह 1966 सालचा. या नावामागे मॅक्झिम गॉर्कीच्या आत्मचरित्राच्या तिसऱ्या भागाची आठवण होणे स्वाभाविक आहे. विद्यापीठात शिकावे म्हणून कझानला गेलेल्या गॉर्कीला विद्यापीठ लाभले नाही. बेकरीत राबणे आणि माणसे पाहणे हेच त्याचे शिक्षण झाले. सुर्वे यांना तर निवडीचा प्रश्नच आला नाही. गिरणगावात एका कामगाराने सांभाळलेले हे अनाथ मूल लहानपणीच कामाला लागले. पुढे त्यांनी महापालिकेच्या शाळेत शिपायाचे आणि नंतर शिक्षकाचे काम केले. रस्ता, कारखाना, संप आणि भूक यांनी जे शिकविले त्याला त्यांनी विद्यापीठ म्हटले आणि मराठी कवितेत श्रमाला ज्ञानाची प्रतिष्ठा दिली.

परंतु या नावाचा सध्या जो उपयोग होतो, तो मला पटत नाही. ‘अनुभव हेच खरे विद्यापीठ’ हे वाक्य सत्कारसमारंभांतून सर्रास ऐकू येते. आणि ते बोलणाऱ्यांची स्वतःची मुले बहुधा महाविद्यालयातच असतात. गरिबाच्या मुलाने लवकर कामाला लागावे, या सोयीच्या विचाराला सुर्वे यांच्या नावाचा शिक्का मारला जातो. सुर्वे यांची ‘मास्तर तुमचंच नाव लिवा’ ही कविता ज्याने वाचली असेल त्याने असे करू नये. त्या कवितेतील वेश्या आपल्या मुलाला घेऊन येते ती शाळेच्याच दाराशी. बापाच्या नावाचा रकाना कसा भरावा, हा तिचा पेच आहे. शाळेचे दार किती मोलाचे आहे, हे शाळा न मिळालेल्या कवीइतके कोणी जाणले नाही. ‘माझे विद्यापीठ’ या नावात अभिमान आहे, तसाच नाकारले गेल्याचा हिशेबही आहे. पहिला घेऊन दुसरा टाकणे ही अर्धी वाचनपद्धती झाली.

शिक्षण आणि नोकरी ही दोन्ही मिळाल्यानंतरही प्रश्न सुटत नाही, हे दया पवार यांच्या ‘बलुतं’ने 1978 साली सांगितले. तेथे निवेदक स्वतःचेच दोन तुकडे करून त्यांना समोरासमोर बसवितो. एक दगडू मारुती पवार, दुसरा दया पवार. आणि कथा एकाने दुसऱ्याला सांगितलेली. ही केवळ निवेदनाची क्लृप्ती नाही. शिकून कचेरीत बसलेला माणूस आणि ज्या वस्तीने त्याला वाढविले ती वस्ती यांत पडलेले अंतर दाखविण्यास दुसरा प्रामाणिक मार्ग लेखकापाशी नव्हता.

या साऱ्यांत मला सर्वांत उद्बोधक वाटते ते उर्मिला पवार यांचे ‘आयदान’. 2003 साली आलेल्या या आत्मकथनात निवडीची रेघच पुसली जाते. रत्नागिरीकडील ही मुलगी शाळा संपवून सरकारी बांधकाम खात्यात नोकरीस लागते, संसार करते आणि नोकरी व मुले सांभाळून बी. ए., एम. ए. होते. ‘आधी विद्यापीठ की आधी नोकरी’ हा प्रश्न मुलांना विचारला जात होता. मुलींच्या बाबतीत त्याच्या अगोदर लग्नाचा प्रश्न उभा असे. नोकरी करणारी स्त्री घराला चालते, पण तीच पुढे शिकू लागली की घर कुरकुरते. मिळकत ही घराची असते, विद्या मात्र तिची एकटीची होते, हे त्या कुरकुरीचे मूळ उर्मिलाबाईंनी कसलाही आक्रोश न करता उघडे केले आहे. आई सूप-टोपल्या विणीत असे, त्या विणण्याचेच रूप त्यांनी आपल्या लेखनाला दिले. एक पाती कामाची, एक शिक्षणाची, एक घराची. कोणतीही एक ओढून काढली तर टोपली उसवते.

यावरून आजच्या स्थितीकडे पाहिले तर काय दिसते? सोयी वाढल्या, हे मान्य केले पाहिजे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ 1985 साली आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 साली स्थापन झाले. नोकरी करीत पदवी घेणे त्यामुळे अनेकांना साधले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका आणि तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडण्याची मुभा सांगितली. म्हणजे पांडुरंग सांगवीकर आज हात हलवीत परतणार नाही. निदान एक कागद घेऊन येईल. पण त्या कागदाने त्याच्या मनातील पोकळी भरेल काय? उलट बाजूस, केंद्र सरकारच्या कनिष्ठ लिपिकपदास बारावी आणि टंकलेखन एवढी पात्रता पुरते, तरीही त्या परीक्षेला पदवीधर बसतात. कचेरीत माझ्या शेजारच्या मेजांवरही ते आहेत. बारावीची जागा पदवीधराने घेतली की बारावी झालेल्याने कोठे जावे? जो प्रश्न पूर्वी एका घरात सुटत असे, तो आता दोन घरांच्या स्पर्धेत अडकला आहे.

या नव्या गुंत्याचा लेखक अजून यावयाचा आहे. दिवसा जावक-नोंदवही लिहिणारा आणि रात्री मुक्त विद्यापीठाच्या पुस्तिका वाचणारा माणूस मराठी विनोदात पुष्कळ आला, गंभीर कथनात अपवादानेच. त्याच्याकडे पाहताना लेखकाने कीव करू नये आणि आरतीही ओवाळू नये. वर उल्लेखिलेल्या पुस्तकांनी एक कसोटी घालून दिली आहे. निवड झाली तेव्हा तिचा भार कोणी उचलला, हे जे कथन सांगते ते खरे. जे सांगत नाही ते, मग ते पदवीचे गुणगान असो वा अनुभवाचे, सुभाषितापलीकडे जात नाही. बारावीच्या मुलाला सल्ला देणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही तीच कसोटी आपल्या शब्दांना लावावी. त्याने कोणती वाट धरावी हे सांगण्यापूर्वी, त्या वाटेवरचे आपल्या वाट्याचे ओझे आपण उचलणार आहोत की नाही, एवढे त्याला स्पष्ट सांगावे.